फॉलो-अपला न आलेली माणसं

आमच्या अभ्यासाच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक पेशंटच्या नावापुढे चार रकाने होते: ३० दिवस, ६ महिने, १ वर्ष, २ वर्षं. पायाच्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन झालं की या चार टप्प्यांवर पेशंटला बोलवायचं, जखम बघायची, रक्तप्रवाह बघायला डॉपलर करून घ्यायचा आणि फॉर्म भरायचा, हे माझं काम. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या व्हॅस्क्युलर सर्जरी विभागात मी संशोधन समन्वयक म्हणून रुजू झाले. त्याआधी सर्जरीच्या वॉर्डात नर्स होते. वॉर्डात माणूस डिस्चार्ज कार्ड घेऊन जिना उतरला की आपला संबंध संपतो. इथे माझं काम तिथूनच सुरू व्हायचं.

पेशंट यायचे ते सोलापूर, बीड, धाराशिव, नगर अशा भागांतून. बहुतेकांना जुनी शुगर, कित्येकांना बिडी नाहीतर तंबाखू. दुखणं सुरू होतं ते चालताना. थोडं अंतर गेलं की पोटरी आवळून येते, थांबलं की सुटते. वात असेल, मणक्याचं असेल, असं म्हणत वर्ष-दोन वर्षं निघून जातात. मग दुखणं रात्री यायला लागतं. आडवं झालं की पाय ठणकतो, म्हणून माणूस खाटेच्या कडेला बसून पाय खाली सोडतो आणि तसाच रात्र काढतो, कारण खाली लोंबणाऱ्या पायात थोडं तरी रक्त उतरतं. पुढे कधीतरी चप्पल चावते, ठेच लागते, जखम भरत नाही, बोट काळं पडतं. आमच्या ओपीडीत येईपर्यंत ‘पाय काढावा लागेल’ हे वाक्य बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असायचं.

पाय वाचवायचे मुख्य मार्ग दोन. पेशंटच्याच पायातली लांब शीर काढून तिचा बायपास करायचा. शिरेतल्या झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून ती बहुधा उलटी फिरवून जोडतात. पॅरिसमध्ये झाँ क्युन्लँ यांनी १९४८ साली मांडीच्या धमनीवर असा बायपास केला. दुसरा मार्ग म्हणजे धमनीतून तार घालून तुंबलेली जागा आतूनच रुंद करायची. अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी तो पहिल्यांदा १९६४ साली वापरला, तो एका ८२ वर्षांच्या बाईंवर. त्यांच्या पायाला गँगरीन झालं होतं आणि पाय कापून घ्यायला त्यांनी साफ नकार दिला होता. त्या बाई पुढे शेवटपर्यंत स्वतःच्या दोन्ही पायांवर चालल्या. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की शेवटपर्यंत चालल्या हे आपल्याला ठाऊक आहे. तार बाहेर काढल्यावरही कुणीतरी त्या पायाची चौकशी करत राहिलं होतं.

३० दिवसांचा रकाना भरणं सोपं. टाके काढायला, ड्रेसिंगला माणूस येतोच. गुंतागुंत काय झाली ते समोर दिसतं: जांघेतल्या जखमेत पू झाला का, टाक्यांतून लसिकेचं पाणी झिरपतंय का, बायपास अचानक बंद पडून पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं का, अँजिओग्राफीच्या डायने किडनीवर ताण आला का, हार्ट अटॅक आला का. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या माणसाच्या हृदयाच्या धमन्याही बहुधा तशाच असतात, त्यामुळे यातली शेवटची ओळ मी नेहमी श्वास रोखून वाचायचे.

पण ३० दिवसांवर थांबून चालत नाही. पोटातल्या महाधमनीला फुगा आला तर पोट उघडून ऑपरेशन करावं की जांघेतून आतल्या आत स्टेंट-ग्राफ्ट बसवावा, याचा ब्रिटनमध्ये ‘एव्हार-१’ नावाचा मोठा अभ्यास झाला. २००४ साली पहिले आकडे आले तेव्हा ३० दिवसांतले मृत्यू उघड्या ऑपरेशननंतर ४.७ टक्के होते, आणि स्टेंट-ग्राफ्टनंतर फक्त १.७ टक्के. तिथेच वही मिटली असती तर प्रश्न सुटला असं वाटलं असतं. त्यांनी वही मिटली नाही. १५ वर्षांपर्यंतचे निकाल २०१६ मध्ये छापून आले तेव्हा तो फायदा पुसला गेला होता, आणि आठ वर्षांनंतरच्या काळात तर स्टेंट-ग्राफ्टवाल्यांचीच स्थिती मागे पडली होती. त्यातल्या काहींचा फुगा कित्येक वर्षांनंतर फुटला होता. हा लेख आमच्या सरांनी मला पहिल्याच आठवड्यात वाचायला दिला. वाचून झाल्यावर रजिस्टरमधले पुढचे तीन रकाने मला वेगळे दिसायला लागले.

आणि रिकामे पडायचे ते नेमके तेच. श्रावणात ऑपरेशन झालेल्या माणसाचे सहा महिने माघात भरतात, आणि माघात बीडकडचा माणूस घरी नसतो. तो सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर कर्नाटकात कुठल्यातरी साखर कारखान्याच्या फडात ऊसतोडीला असतो. ‘पाय नुकताच वाचलाय, यंदा जाऊ नका,’ असं डिस्चार्जच्या वेळी सांगायचं. पण मुकादमाकडून उचल आधीच घेऊन झालेली असते, ती नवरा-बायकोच्या जोडीवर असते आणि घरात खर्चूनही झालेली असते. कागदावर दिलेला नंबर लागत नाही, किंवा लागला तर घरी राहिलेली म्हातारी उचलते आणि ‘ते तिकडं गेल्यात’ एवढंच सांगते. रजिस्टरमध्ये अशा नावापुढे ‘संपर्क तुटला’ असं लिहायची पद्धत होती.

असं लिहिलेल्या माणसाचं पुढे गणितात काय होतं, ते मला आमच्या संख्याशास्त्रज्ञ मॅडमनी समजावलं. किती दिवसांनी किती जणांचा पाय शाबूत आहे हे दाखवणारा, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा आलेख असतो. कॅप्लान आणि मायर या दोघांनी १९५८ साली मांडलेली ती रीत आज जगभर वापरतात. पाय गेला किंवा माणूस गेला की आलेख एक पायरी उतरतो. संपर्क तुटला की पायरी पडत नाही, रेषेवर फक्त एक बारीक उभी खूण येते. ती खूण म्हणजे इथपर्यंत हा माणूस ठीक होता, पुढचं ठाऊक नाही. आणि पुढचा हिशोब असं धरून चालतो की खूण होऊन गेलेल्यांचं पुढे तेच झालं असणार जे मागे उरलेल्यांचं झालं.

हे धरून चालणं कुठे रास्त असेलही. आमच्याकडे ते मला पटेना. नियमाने तपासणीला कोण येतं? ज्याचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, ज्याच्या घरी गाडी आहे, ज्याचा एक दिवसाचा रोजगार बुडाला तरी चूल पेटते. न येणारा याच्या उलट. तोच पायावर उभा राहून काम करतो, त्याचंच ड्रेसिंग चुकतं, त्याच्याच गोळ्या संपल्या की पुन्हा आणल्या जात नाहीत. मग या दोघांच्या पायांचं पुढे सारखंच होईल हे कुठल्या आधारावर मानायचं? हा प्रश्न मी विभागाच्या बैठकीत मांडला. सर म्हणाले, ‘मग शोधा त्यांना. गाडीची सोय मी बघतो.’

शोधायला निघण्याआधी एथिक्स कमिटीची परवानगी घेतली. ती घ्यायलाच हवी होती. मुकादमाला फोन करून ‘अमक्याच्या पायाचं ऑपरेशन झालंय, तो कुठे आहे’ असं विचारलं तर त्याची पुढच्या वर्षीची उचल जाऊ शकते. म्हणून ठरलं की आजाराचा शब्द काढायचा नाही, रुग्णालयाचं नाव सांगायचं नाही, ‘पुण्याच्या ताईंना फोन करायला सांगा’ एवढाच निरोप ठेवायचा. पाय बघायची वेळ आली तर माणूस म्हणेल तिथे, तो म्हणेल तेव्हा.

अशा निरोपावर एका मामांचा फोन आला. ते फडाजवळच्या खोपीत होते. तोडणी त्यांची बायको आणि थोरला मुलगा करत होते. मामा खोपीवर बसून नातवंडं आणि बैलं सांभाळत होते. आम्ही गेलो. हातातल्या डॉपलरवर बायपासचा आवाज लागेना. शीर बंद पडली होती, तीही बहुधा बऱ्याच दिवसांपूर्वी. पण अंगठ्याच्या जागची जखम पूर्ण भरली होती, रात्रीचं दुखणं गेलं होतं आणि मामा काठी घेऊन बांधापर्यंत जाऊन येत होते. जखम भरायला रक्त पुष्कळ लागतं. भरलेली कातडी टिकवायला त्या मानाने कमी. शीर चालली तेवढ्या महिन्यांत तिने आपलं काम करून टाकलं होतं. आमच्या फॉर्ममध्ये ‘बायपास चालू आहे का’ याला ‘नाही’ आणि ‘पाय वाचला का’ याला ‘हो’, अशी दोन उत्तरं एकाखाली एक लिहिताना या शास्त्रातला एक मोठा वाद माझ्या हाताखाली उमगला. मामांनी विचारलं, ‘शीर बंद पडली म्हंजी ऑपरेशन फुकट गेलं का वं ताई?’ मी त्यांना त्यांचाच अंगठा दाखवला.

धाराशिवकडच्या एका आजींचं याच्या उलट. त्यांचा मुलगा आमचा नंबर दिसला की फोन उचलत नसे. गावच्या आशाताईंच्या मदतीने घरी गेलो तेव्हा आजी ओसरीवर बसल्या होत्या आणि पाय गुडघ्याखाली कापलेला होता. जंतुसंसर्ग तळपायातून वर चढला आणि जवळच्या रुग्णालयात एका रात्रीत निर्णय घ्यावा लागला. तिथल्या कागदांवरून दिसत होतं की बायपास तेव्हाही चालू होता. रक्त पोचत असूनही शुगर आणि जंतू यांनी मिळून पाय नेला होता. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही एवढं केलं आन् पाय राहिला नाही. कुठल्या तोंडानं फोन घ्यायचा?’ आमच्या आलेखावर आजी तोवर एक बारीक उभी खूण होत्या, म्हणजे ‘इथपर्यंत ठीक’ अशी नोंद. त्यांची खरी जागा एक पायरी खाली होती, आणि ती रिकामी राहिली होती ती एका मुलाला आमच्यासमोर यायची लाज वाटली म्हणून. ही लाज कुठल्याच सूत्रात बसत नाही.

काही घरांत फोन पत्नीने उचलला आणि ‘ते नाहीत’ म्हणाली. अशा वेळी फॉर्मवर तारीख, कारण आणि एक अवघड चौकट असते: मृत्यूचा ऑपरेशनशी संबंध आहे, असू शकतो, नाही. एका मावशींनी मला थेट विचारलं, ‘ऑपरेशन केलं नसतं तर राहिले असते का?’ त्यांचे यजमान घरी गेल्यावर काही महिन्यांनी झोपेत गेले होते, छातीत दुखतंय म्हणाले होते. मी सांगितलं की नक्की कुणीच सांगू शकत नाही. ऑपरेशन पायासाठी होतं, आजार सगळ्या अंगातल्या धमन्यांचा होता. मावशी म्हणाल्या, ‘शेवटचे महिने ते रात्रीचे झोपायचे तरी. आधी झोपत नव्हते.’ झोपेसाठी आमच्या फॉर्मवर रकानाच नव्हता. ते वाक्य मी शेऱ्यात लिहिलं.

याच सुमारास या विषयातले दोन मोठे अभ्यास लागोपाठ छापून आले आणि विभागात चर्चेला उधाण आलं. ‘बेस्ट-सीएलआय’ २०२२ साली आला: १५० केंद्रं, १,८३० पेशंट. ज्यांच्या पायात चांगली लांब शीर उपलब्ध होती त्यांच्यात मोठी पुनःशस्त्रक्रिया, घोट्याच्या वरून पाय जाणं किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी घडलं ते बायपासनंतर ४२.६ टक्के, आणि तार घालून केलेल्या उपचारानंतर ५७.४ टक्के. म्हणजे बायपास सरस. पुढच्याच वर्षी ‘बेसिल-२’ आला: मुख्यतः ब्रिटनमधली केंद्रं, ३४५ पेशंट, सगळे गुडघ्याखालच्या धमन्यांवर उपचार लागणारे. तिथे पाय जाणं किंवा मृत्यू हे बायपासच्या गटात ६३ टक्के आणि तारेच्या गटात ५३ टक्के. म्हणजे तार सरस. पेशंट वेगळे होते हे तर झालंच, पण मोजलं काय हेही वेगळं होतं. पहिल्याने पुन्हा कराव्या लागणाऱ्या मोठ्या शस्त्रक्रियेलाही अपयशात धरलं, दुसऱ्याने धरलं नाही. ज्युनिअर डॉक्टर ‘मग खरं कुठलं?’ असं विचारत. मला दोन्ही खरे वाटतात, आणि म्हणूनच ‘परिणाम चांगला’ हे शब्द ऐकले की मी विचारते: कुणाचा, कशात मोजलेला, आणि मोजायला किती जण सापडले?

सापडलेल्या माणसांच्या नोंदी घालून मॅडमनी आलेख पुन्हा काढला. त्याआधी त्यांनी एक कसोटी लावली होती: संपर्क तुटलेल्या सगळ्यांचे पाय वाचले असं धरून एक रेषा, आणि सगळ्यांचे गेले असं धरून दुसरी. या दोन रेषांमध्ये सुरुवातीला इतकं अंतर होतं की त्यातून कुठलाही निष्कर्ष काढता आला असता, म्हणजे कुठलाच काढता येत नव्हता. शोध संपल्यावर रेषा जवळ आल्या. आधीचा आलेख जितका चांगला दिसत होता तितका नवा राहिला नाही. सरांनी नवाच पाठवायचं ठरवलं आणि ‘संपर्क तुटला’ या ओळीखाली कारणं वेगळी दाखवली: ऊसतोडीला स्थलांतर, दुसरीकडे पाय काढला, मृत्यू, पत्ता बदलला.

आता पेशंट अभ्यासात येतो तेव्हाच त्याच्या संमतीने तीन नंबर घेते: घरचा, शेजारचा किंवा नातेवाइकाचा, आणि हंगामात तो जिथे असेल तिथला. वर्षातले कुठले महिने गावी नसता, हेही विचारते, आणि भेटीची तारीख त्याप्रमाणे मागेपुढे करते. रात्रीच्या झोपेचा प्रश्न फॉर्ममध्ये आला आहे. मांडी घालून बसता येतं का, स्वतःच्या पायाने परसाकडे जाता येतं का, हेही आले आहेत. पुढच्या अभ्यासाच्या अंदाजपत्रकात गाडीच्या डिझेलसाठी आणि पेशंटच्या बुडालेल्या रोजगारासाठी मी वेगळी ओळ घातली. समितीतल्या एकांनी ती खोडायला सुचवलं, रुग्णालयात तपासणी मोफत आहे तर हा खर्च कशाला म्हणाले. मी आजींच्या नोंदीचं पान त्यांच्यासमोर ठेवलं आणि सगळं वाचून होईपर्यंत थांबले. ओळ राहिली.