न थांबणारा चाप

डुमसच्या मैदानावरची पेंटबॉल मार्कर, रंगाच्या गोळ्या मारणारी बंदूक, आज उधन्याच्या खोलीत माझ्यापुढे उघडी पडली आहे. चाप एकदा ओढला, की तडतड सुटतच राहते. गॅसचा दाब उतरला की असं होतं. हॅमर पुरेसा मागे जात नाही, सिअर नावाच्या खटक्यावर अडकत नाही. पण बाटली भरलेली आहे. सिअर काढून खिडकीशी धरला. अडकवणारी ती कड झिजून गोल झाली होती. बोटानं चाचपत कितीतरी वेळ बसलो. नखाएवढं पोलाद, आणि अख्ख्या यंत्राला थांबवण्याचं काम त्याचं. बाबा मागावर कामाला होते. धागा तुटला की माग आपोआप थांबतो, हे ते फार अभिमानानं सांगत. घरी मात्र त्यांचा राग सुरू झाला की थांबत नसे. हे आत्ताच का आठवावं?

ही मार्कर म्हणजे मुळात झाडांवर खुणा करण्यासाठी बनलेलं हत्यार. १९८१ साली न्यू हॅम्पशायरच्या जंगलात त्याचा खेळ झाला.

सिअर नवाच लागेल, कानस मारून भागायचं नाही. शिवाय ०.६८ इंची जिलेटिनच्या गोळ्या सुरतच्या या दमट हवेत फुगल्यात, नळीत फुटतात. त्यांचं काय करायचं ते उद्या बघू.