पुढे काय, याचे उत्तर केव्हा द्यावे

ऑनलाइन व्हिडिओ करणाऱ्याचा प्रेक्षक त्याच्यासमोर नसतो, ही या कामातील मूळ अडचण आहे. कीर्तनकाराला मंडपातील चुळबुळ दिसते, तमाशातील सोंगाड्याला मागची माणसे उठताना दिसतात, आणि दोघेही त्याच क्षणी चाल बदलून, आवाज चढवून किंवा एखादा दृष्टान्त घालून सभा सावरतात; व्हिडिओ करणाऱ्याला मात्र माणूस केव्हा निघून गेला हे नंतर आलेखावरूनच कळते. कोणत्या क्षणापर्यंत किती टक्के प्रेक्षक टिकले हे दाखवणारा असा आलेख यूट्यूब प्रत्येक व्हिडिओमागे देते. रेषा कोसळते तिथे लोक निघून गेलेले किंवा तो भाग ओलांडून पुढे सरकलेले असतात, आणि ती मध्येच वर उचलली जाते तिथे त्यांनी व्हिडिओ मागे नेऊन तेवढा भाग पुन्हा पाहिलेला असतो. पहिल्या ३० सेकंदांचा हिशेब त्यात वेगळा दाखवला जातो, कारण मोठी गळती बहुधा तिथेच होते. २०१२ मध्ये यूट्यूबने शिफारशी ठरवताना नुसत्या क्लिकऐवजी पाहण्यात गेलेल्या वेळेला महत्त्व दिले, तेव्हापासून ही रेषा सांभाळणे हाच अनेकांचा ध्यास झाला आहे.

या गळतीवर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे महत्त्वाची गोष्ट लपवणे. ‘शेवटपर्यंत पाहा’ असे बजावून मूळ मुद्दा लांबवत नेला जातो आणि त्यासाठी मानसशास्त्रातील एका जुन्या निष्कर्षाचा अर्धवट आधार घेतला जातो. अपुरी राहिलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक लक्षात राहतात, असे ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली मांडले. पुढील प्रयोगांत हा निष्कर्ष दर वेळी टिकला नाही. परंतु त्याच काळात मारिया ओव्हसियांकिना यांनी नोंदवलेली गोष्ट, म्हणजे मध्येच तोडलेले काम संधी मिळताच पुन्हा हाती घेण्याची माणसाची ओढ, व्हिडिओच्या दृष्टीने अधिक उपयोगाची आहे. मात्र काम आधी सुरू झाले असेल तरच ते अपुरे राहू शकते, ही अट विसरली जाते. जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी १९९४ मध्ये कुतूहलाची जी उपपत्ती मांडली, तिचा गाभाही याच्या जवळचा आहे: जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक करून घ्यावेसे वाटते, त्यांतील अंतर जाणवले की कुतूहल जागे होते, ज्याला विषयातले काहीच ठाऊक नाही त्याला ते अंतर जाणवतच नाही. म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात लपवण्यापेक्षा देणे अधिक गरजेचे ठरते.

नांदेड जिल्ह्यातील उमरीचेच उदाहरण घेता येईल. हैदराबाद मुक्तिसंग्रामात, जानेवारी १९४८ मध्ये, निजामाच्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी उमरीची बँक लुटली आणि तो पैसा लढ्याच्या कामी लावला. या घटनेवरील व्हिडिओ धूसर चित्रे, गडगडाटी संगीत आणि ‘एक रहस्यमय लूट’ अशा घोषणेने सुरू झाला, तर प्रेक्षकाच्या हाती काहीच पडत नाही. त्याऐवजी बँक कोणी लुटली आणि कशासाठी लुटली हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकले, तर त्याच्या मनात उरणारे प्रश्न अधिक नेमके होतात: निजामाच्या हद्दीत, रेल्वे स्थानक असलेल्या गावात हे धाडस जमले कसे, रक्कम कोणत्या वाटेने बाहेर गेली, ती सांभाळणाऱ्यांनी तिचा हिशेब कसा ठेवला? या प्रश्नांसाठी माणूस थांबतो.

हे ज्ञान मराठी मुलखाला नवे नाही. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात एखादे पद किंवा अभंग घेऊन त्यातील तत्त्वाचे निरूपण होते आणि आख्यान उत्तररंगासाठी राखलेले असते, म्हणजे गोष्ट पुढे ढकललेली असते हे खरे. पण हरिश्चंद्राच्या कथेचा शेवट मंडपातील प्रत्येकाला पाठ असतो आणि तरीही तो उठत नाही. सप्ताहातील वारकरी कीर्तनात तर अभंग आरंभीच सांगितलेला असतो, आणि कीर्तनकार कितीही दूर गेला तरी तो ध्रुपदावर परत येणार याची श्रोत्याला खात्री असते. त्या खात्रीमुळेच श्रोता लांबचा फेरा आनंदाने सोसतो. काय घडणार यापेक्षा कसे घडणार, यात मन अधिक काळ रमते, आणि लक्ष टिकवण्याच्या शास्त्रातील हाच सर्वांत मोलाचा भाग आहे. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लावणी आणि तमाशा पाहणारा प्रेक्षक मोबाइलवरील प्रेक्षकाइतकाच मोकळा असतो, कारण यात्रेत त्याला बोलावणारे शंभर आवाज असतात. तिथेही रात्र टिकते ती वगाच्या कथानकावर, ढोलकीच्या पहिल्या थापेवर नव्हे.

एक भेद मात्र काटेकोरपणे पाळायला हवा. कथा ऐकायला आलेला प्रेक्षक आणि अडचण घेऊन आलेला प्रेक्षक यांची मनःस्थिती वेगळी असते. सोयाबीनवर पिवळा मोझॅक दिसू लागल्यावर उमरीच्या शिवारातून मोबाइल उघडणाऱ्या शेतकऱ्याला विलंबातून रंजन मिळत नाही, त्याचा जीव टांगणीला लागतो. हा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो, म्हणून रोगट झाडे दिसताच उपटून नष्ट करावीत आणि माशीला आवर घालावा, एवढे त्याला पहिल्याच मिनिटात मिळाले पाहिजे; माशी कशी ओळखावी, पुढच्या हंगामात वाण कोणते निवडावे, हे त्यानंतर सांगितले तर तो विश्वासाने ऐकतो. ही माहिती शेवटासाठी दडवून ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या चिंतेवर स्वतःचे मिनिट वाढवणे होय, आणि असे मिनिट आलेखावर कितीही चांगले दिसले तरी ते गैर आहे.

उमरीच्या बँकेची हकिकत ज्यांनी प्रत्यक्ष लढलेल्यांच्या तोंडून ऐकली, अशी माणसे आता वृद्ध होत चालली आहेत. तालुक्यातील ज्या तरुणांच्या हाती कॅमेरा आहे, त्यांनी त्यांच्याकडे जाऊन ती ध्वनिचित्रित करावी, आणि पहिल्याच वाक्यात सगळे सांगून टाकण्याचे धैर्य दाखवावे.