उजवीकडचं मागचं चाक

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळी पावणेसातला गाडी काढायला बाहेर आले तर उजवीकडचं मागचं चाक बसलेलं. अगदी जमिनीला टेकलेलं नव्हतं, पण टायर खाली पसरला होता. शाळा बावीस किलोमीटरवर. वाटेत दोन सहकारी शिक्षिकांना घ्यायचं असतं. एस.टी.ची वेळ कधी जुळते, कधी नाही. म्हणून तर चार वर्षांपूर्वी ही जुनी पांढरी गाडी घेतली आणि बेचाळिसाव्या वर्षी चालवायला शिकले. आमच्या खानदानात गाडी चालवणारी पहिली बाई मी. त्यामुळे गाडीला काही झालं की घरात सगळ्यांची नजर आधी माझ्याकडे वळते. मिस्टर म्हणाले, "खड्ड्यात घातलीस का?" मी म्हटलं, सोलापुरात खड्डा चुकवायचा तर गाडी घरात ठेवावी लागेल.

पेट्रोल पंपावर हवा भरली. ३३. दाराच्या आत चिकटवलेल्या कागदावर कंपनीने तेवढीच सांगितली आहे. चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

पहिल्या दुकानात मुलाने चाकावरची प्लॅस्टिकची कॅप काढली, चाक खोललं, पाण्याच्या टबात बुडवून गोल गोल फिरवलं. एक बुडबुडा नाही. "काही नाही मॅडम, पंपावर हवा कमी भरली असेल." पाच दिवसांनी दुसरं दुकान. तिथेही टब, तिथेही बुडबुडा नाही, पण रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून त्याने व्हॉल्व्हच्या आतली पिन बदलली. मालकांनी वर नायट्रोजन भरण्याचा सल्ला दिला. आता हवेत शेकडा ७८ भाग नायट्रोजनच असतो, हे मी नववीत शिकले होते. आणि टायरला भोक असेल तर नायट्रोजन काय, तोही त्याच भोकातून जाणार. नको म्हटलं.

मग मी हवा मोजायचं छोटं मीटर विकत घेतलं आणि जुन्या हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानांवर रोज सकाळी चारही चाकांचे आकडे लिहायला लागले. बी.एड.ला असताना निरीक्षण नोंदवही लिहून लिहून हात दुखायचे, ती सवय कामी आली. तेवढ्यावरून एक गोष्ट मात्र कळली. थंडीत सगळीच चाकं थोडी उतरतात. आमच्याकडे डिसेंबरात पहाटे अंगावर शाल लागते आणि दुपारी पंखा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पॉइंट हवा कमी दिसते. दुपारी तापलेल्या चाकात ३३ भरली तर पहाटे ३० दिसणार, त्यात दोष कुणाचा नाही. पण हे चारही चाकांना सारखं लागू. माझी तीन चाकं एकत्र वरखाली होत होती आणि चौथं एकटंच खाली चाललं होतं. म्हणजे गळती नक्की होती.

दुसऱ्या दुकानातून आल्यावर आठ दिवस हवा टिकली. वाटलं, पिनच होती. त्या रविवारी गाडी धुतली. मी बादल्या भरत असतानाच शेजारच्या मुलाचा चेंडू येऊन मागच्या दारावर आदळला. मुलगा माझ्याच वर्गातला, नववीतला. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते आणि याचं मराठी म्हणजे काना-मात्रा-वेलांटीची निव्वळ दंगल. त्याच आठवड्यात घटक चाचणीत त्याला वीसपैकी चार दिले होते. चेंडू हातात घेऊन मी त्याला चांगलंच सुनावलं. अभ्यास, चेंडू, गाडी, सगळं एकदम. आणि शेवटी ते वाक्यही म्हटलं, जे मी वीस वर्षांत कितीतरी मुलांना म्हटलं असेल, "असाच राहिलास ना, तर पंक्चर काढत बसशील."

बुधवारी सकाळी मीटर लावलं. २५.

तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? दोन दुकानांनी सांगितलं होतं की टायरमध्ये दोष नाही. हवा आठ दिवस टिकली होती. आणि रागावल्यावर तीन दिवसांत गेली. शिवाय गाडी लावते तेव्हा उजवी बाजू गल्लीकडे असते, डावी भिंतीला. गल्लीतल्या पोराला हाताशी येणारं चाक तेच. माझ्या डोक्यात एकेक खिळा ठोकला गेला आणि चौकट तयार झाली. मिस्टर म्हणाले, "पाहिलंस का तू?" मी म्हटलं, पाहायला कशाला हवं.

संध्याकाळी त्यांच्या दारात गेले. त्याची अम्मी पीठ मळत होती, तशीच उठून आली. मी आवाज चढवला नाही, उलट फार समजूतदारपणे बोलले, आणि आता आठवलं की त्याचाच जास्त त्रास होतो. "भाभी, मुलगा आहे, चालायचंच. पण माझ्या गाडीत तीन बायका असतात. हवा कमी असलेला टायर पळताना तापतो, बाजूने फाटतो. हायवेला काही झालं तर?" यातला शब्द न् शब्द खरा आहे. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी असं आपल्याकडे सांगतात, तेही उलटं आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त वाकतो आणि म्हणून जास्त तापतो. सगळं ज्ञान बरोबर होतं. ते ज्याच्या दारात नेलं तो माणूस चुकीचा होता.

मुलगा आतल्या दाराशी उभा होता. एवढंच म्हणाला, "आपा, मैं नै करा."

त्याचे अब्बा यंत्रमागावर रात्रपाळी करतात. कामावर निघण्यापूर्वी त्यांनी त्याला मारलं. भिंत एकच आहे, ऐकू आलं.

एवढ्यावर मी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात, धडा शिकवता शिकवता म्हणाले की काही मुलांना दुसऱ्याच्या गाडीची हवा काढण्यात फार हुशारी वाटते. नाव घेतलं नाही. वर्गातल्या अठ्ठेचाळीस मुलांनी त्याच्याकडे पाहिलं.

पुढच्या शनिवारी अक्कलकोटला भाईजानकडे गेलो. निघताना ३३ भरली होती. गाडी त्यांच्या अंगणात, लोखंडी फाटकाच्या आत, रात्री कुलूप. रविवारी सकाळी मीटर खिशातच होतं. तीन चाकं ३२. उजवीकडचं मागचं २९. दुपारी २८.

मी त्या चाकाशेजारी उकिडवी बसून राहिले. भाभी चहाला हाका मारत होती. तो मुलगा चाळीस किलोमीटर येऊन, फाटक चढून हवा काढून गेला नव्हता.

परतताना अक्कलकोट रोडला कडुनिंबाखाली एक पंक्चरचं दुकान दिसलं. पत्र्याची शेड, बाहेर टायरांची उतरंड, कॉम्प्रेसरची धडधड. दाढी पांढरी झालेले चाचा आणि हाताखाली एक मुलगा. मुलगा पान्हा घेऊन पुढे आला आणि सवयीने कॅपला हात घातला. चाचा बसल्या जागेवरून म्हणाले, "ढक्कन मत निकाल रे. जैसा है वैसाच रैने दे."

मग मला प्रश्न. किती दिवसांत किती उतरते? बाकीची तीन? उभी असताना जाते की चालल्यावर? मी वही उघडली. आकडे पाहून ते हसले, पण वही हातात घेऊन नीट वाचली. टायर कधीचा म्हणाले. मला आठवेना, तर त्यांनीच टायरच्या बाजूवर चार आकड्यांवर बोट ठेवलं, ३१२१. म्हणजे २०२१ सालचा एकतिसावा आठवडा. टायर नवा घातला तेव्हा व्हॉल्व्ह बदलला होता? मला तेही माहीत नव्हतं.

बाटलीत साबणाचं पाणी होतं. आधी रस्त्याला टेकणाऱ्या भागावर मारलं, गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून राहिलेल्या भागावर. खिळा नाही, काच नाही. मग टायरच्या बाजूला, तिथे चीर असेल तर टायर फेकायचाच. मग रिम आणि टायर जिथे भेटतात त्या काठावर. लोखंडी रिमला तिथे गंज धरतो आणि हवा केसाएवढ्या फटीतून जाते, म्हणाले. तिथेही काही नाही. शेवटी कॅपच्या दोन आऱ्यांमधून बोट घालून व्हॉल्व्हच्या बुडाशी पाणी सोडलं. आम्ही दोघं वाकून बघत होतो. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बुडाशी पांढरा फेस जमायला लागला. बारीक, दुधावर येतो तसा.

"अब निकाल ढक्कन," ते मुलाला म्हणाले. कॅप निघाली, फेस थांबला. कॅप बसवली, फेस आला. त्यांनी मला हे तीनदा करून दाखवलं.

झालं होतं ते असं. व्हॉल्व्ह रबराचा आणि जुना. टायर बदलताना कुणीतरी तोच ठेवला होता. त्याच्या बुडाशी टाचेला पडते तशी भेग होती. तो सरळ उभा असला की भेग मिटायची. कॅप जरा फिरवून बसली की तिचा एक आरा व्हॉल्व्हला रेटून वाकडा करायचा आणि भेग उघडायची. या चकचकीत कॅपा मीच दिवाळीच्या सेलमध्ये घेतल्या होत्या. प्रत्येक दुकानात पहिलं काम कॅप काढण्याचं, म्हणजे टबात जाण्याआधीच गळती बंद. दुसऱ्या दुकानातल्या मुलाने ती योगायोगाने नीट बसवली असणार, म्हणून हवा आठ दिवस टिकली. मग रविवारी गाडी धुताना मी चारही कॅपा काढून घासल्या आणि तळहाताने ठोकून बसवल्या. ज्या रविवारी चेंडू आला, त्याच रविवारी.

नवा व्हॉल्व्ह आणि मजुरी मिळून दीडशे रुपये झाले. बाकीच्या तिन्ही कॅपा त्यांनी फुकट तपासून सरळ केल्या.

हे लिहिताना एक गोष्ट सांगितली पाहिजे. शिक्षकांच्या एका ग्रुपवर मध्यंतरी आपल्या लोकांवर एक विनोद फिरत होता. 'पंक्चरवाले', दुसरं काय. असे विनोद वाचले की मी फोन उलटा ठेवते आणि दिवसभर तोंड कडू असतं. मनातल्या मनात उत्तरं देते, आमच्यात डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, मी स्वतः बी.एड. आहे. म्हणजे विनोद करणारा आणि मी, पंक्चर काढणं हलकं यावर आमचं एकमत. तेच वाक्य मी वर्गात वापरत आले. कडुनिंबाखालचा माणूस आधी विचारतो, मग पाहतो, मग मोडून बघतो की आपण म्हणतो ते खरं का, आणि मगच पान्हा उचलतो. माझ्या हातात वही होती, मीटर होतं, पदवी होती, आणि मी थेट शेजारच्या दारात गेले होते.

सोलापुरात पोचल्यावर मगरिबनंतर त्यांच्याकडे गेले. या वेळी मुलगा समोर आला नाही. मी जुना व्हॉल्व्ह बरोबर नेला होता, तो वाकवून त्याच्या अब्बांना भेग दाखवली. ते बराच वेळ तो तुकडा बोटांत फिरवत राहिले. भाभींनी चहा ठेवला. "आपा, गलती होती आदमी से," म्हणाल्या. मला वाटलं आटोपलं. चहा संपवून उठले तेव्हा तो आतून आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "आपा, क्लास में भी बोलेंगे?"

अब्बांनी त्याच्यावर डोळे वटारले. मी हो म्हटलं.

रात्रभर मी वाक्यं जुळवत होते. वर्गात माफी मागितली तर धाक राहत नाही, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नसतं, तरी प्रत्येक शिक्षकाला ते पाठ असतं. सकाळी हजेरी झाल्यावर पुस्तक मिटलं आणि मराठीत सांगितलं, कारण तो तास मराठीचा होता. मी काय बोलले होते, कुणाकडे पाहून बोलले होते, ते खोटं कसं होतं. या वेळी नाव घेतलं. पंक्चरचं ते वाक्यही सांगितलं. वर्ग इतका शांत मी कधी पाहिला नव्हता. मग मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "टीचर, पण व्हॉल्व्ह वाकडा झाला तर हवा भरताना कळत नाही का?" प्रश्न बरोबर होता. हवा भरणारा तो हाताने सरळ धरतो, म्हणून कळत नाही. मी फळ्यावर रिम काढली, व्हॉल्व्ह काढला, वर कॅपचा आरा काढला. मुलं वहीत उतरवून घ्यायला लागली.

तो खाली मान घालून बसला होता. उतरवून घेत होता की नाही, ते मला फळ्यापासून दिसलं नाही. वाकून बघायचं धाडस झालं नाही.