बदलीच्या गावातला अकरा नंबर

अमेरिकेच्या पूर्वेकडे राहणाऱ्या मराठी माणसाच्या आयुष्यात नायगारा ठरलेला असतो. आई-बाबा पहिल्यांदा आले की त्यांना तिकडे न्यायचंच. बॉस्टनकडून निघालं की नव्वद नंबरचा हमरस्ता सरळ पश्चिमेला धरायचा. सात-आठ तासांची गाडी, डब्यात दशम्या नि शेंगदाण्याची चटणी, आणि धबधब्याच्या अलीकडे बफेलो. त्या गावात सहसा कुणी थांबत नाही. २००२च्या जुलैत आम्ही थांबलो, कारण बाबांना चहाची तलफ आली होती.

पेट्रोल पंपाच्या दुकानात गल्ल्यामागे एक निळी जर्सी टांगली होती. पाठीवर ११ आणि वर नाव, ब्लेडसो. मी नुसता बघत राहिलो. हा नंबर मी सात वर्षं दुसऱ्या गावाच्या रंगात पाहिला होता. गल्ल्यावरच्या बाईनं माझी नजर ओळखली आणि अगदी हसतमुखानं सांगितलं, यंदा आमचं नशीब बदलणार आहे.

"कोण रे हा?" बाबांनी विचारलं.

"आमच्या बॉस्टनच्या फुटबॉल संघाचा होता बाबा. आता यांच्याकडे आलाय."

"म्हणजे बदली झाली म्हण की." बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, बदली हा त्यांचा हातखंडा विषय. "मग बदल्यात यांनी काय दिलं?"

"पुढच्या वर्षी पहिल्या फेरीत एक नवा पोरगा निवडायचा हक्क."

बाबा थांबले. "अख्ख्या माणसाच्या बदल्यात नुसता हक्क?"

ड्रू ब्लेडसो म्हणजे न्यू इंग्लंड पॅट्रियट्सला काय होता, ते त्या दुकानात सांगणं अवघड होतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा नुसता एक खेळाडू नसतो. प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर येत असताना दोन-तीन सेकंदांत मैदान वाचायचं आणि चेंडू नेमका जिथं सहकारी पोचणार आहे तिथं फेकायचा. १९९२मध्ये पॅट्रियट्स सोळापैकी दोन सामने जिंकले होते. पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, त्यांनी सगळ्यांत पहिला म्हणून वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा हा उंच, शांत पोरगा उचलला. १९९४च्या नोव्हेंबरात मिनेसोटाविरुद्ध त्यानं एका सामन्यात सत्तर वेळा चेंडू फेकला आणि हरत आलेला सामना जादा वेळेत काढला. १९९७च्या जानेवारीत तो संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यापर्यंत, घेऊन गेला. तिथं ग्रीन बेकडून हार झाली, पण १९९५मध्ये फ्रेमिंगहॅमच्या एका खोलीत चौघांत राहायला आलेल्या माझ्यासारख्याला हा खेळ कळला तो त्याच्यामुळे. ऑफिसात सोमवारी सकाळी बोलायला काही तरी हवं म्हणून मी बघायला लागलो, आणि मग बघतच राहिलो.

२००१च्या मार्चमध्ये त्याच्याशी दहा वर्षांचा, दहा कोटी तीस लाख डॉलरचा करार झाला. आता हा इथंच म्हातारा होणार, असं सगळे म्हणाले. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात, न्यूयॉर्क जेट्सच्या मो लुईसनं त्याला बाजूच्या रेषेजवळ धडक दिली. टीव्हीवर आवाज ऐकू आला आणि आमच्या खोलीत कुणी काही बोललंच नाही. तो उठला, पुन्हा मैदानावरही गेला. छातीच्या आत रक्तवाहिनी फाटून रक्त साचत होतं, हे नंतर कळलं. त्याच्या जागी आला टॉम ब्रेडी, आदल्या वर्षी ड्राफ्टमध्ये १९९वा निवडलेला. पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे.

मला मात्र जानेवारीतला पिट्सबर्गचा सामना जास्त आठवतो. ब्रेडीचा घोटा दुखावला आणि चार महिने बाकावर बसलेला ब्लेडसो आत आला. आल्या आल्या त्याला बाजूच्या रेषेजवळ पुन्हा तशीच धडक बसली. तो उठला, आणि लगेच डेव्हिड पॅटनला अकरा यार्डांचा टचडाउन दिला. सामना २४-१७ असा जिंकला. शेवटी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि खरं सांगतो, माझ्याही. पुढच्या रविवारी सुपर बोल ब्रेडीनं जिंकून दिला. एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी ब्लेडसोला बफेलो बिल्सकडे धाडलं.

बिल्स म्हणजे आपल्याच गटातला संघ. वर्षातून दोनदा गाठ पडणार. कुठला व्यवस्थापक आपला माणूस शेजारच्याला देतो? पॅट्रियट्सच्या बिल बेलिचिकनं दिला, आणि त्यातच उत्तर होतं. दोन वर्षं त्यानं ब्लेडसोला जवळून पाहिलं होतं. हा चेंडू हातात जास्त वेळ धरतो, पाय जड आहेत, चारी बाजूंनी दाबला की चुकतो, हे त्याला पाठ होतं. तेव्हा मला हे दिसलं नाही. मला दिसलं ते एवढंच की आमच्या घरातलं माणूस शेजाऱ्याकडे गेलं.

आणि शेजाऱ्याचं घर तेव्हा पडकं होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला क्वार्टरबॅक जिम केलीच्या नेतृत्वाखाली सलग चार सुपर बोल गाठणारे आणि चारही हरणारे बिल्स २००१मध्ये सोळापैकी तीनच सामने जिंकले होते. नव्या प्रशिक्षकाला एकच वर्ष झालं होतं, बरेच जुने खेळाडू गेले होते, पुढची फळी कच्ची होती. अशा संघात तीस वर्षांच्या क्वार्टरबॅकचं पुढं काय होणार, यावर त्या उन्हाळ्यात बॉस्टनच्या रेडिओवर रोज वाद चालायचे. मी ते गाडीत ऐकायचो, ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोचल्यावरही इंजिन बंद करून पाच मिनिटं बसून ऐकायचो. कुणी म्हणायचं, हात अजून सोन्याचा आहे. कुणी म्हणायचं, हात सोन्याचा असून काय, पाय शिशाचे आहेत. तेव्हा आकडे म्हणजे सोमवारच्या पेपरातला एक चौकोन. बाकी सगळं माणसाच्या ओळखीवर बोललं जायचं. याला आम्ही वाढताना पाहिलंय, मार खाऊन उठताना पाहिलंय, असं.

आणि त्या वर्षीचा सप्टेंबर-ऑक्टोबर! मिनेसोटाविरुद्ध ४६३ यार्ड, जादा वेळेत ४५-३९. शिकागोविरुद्ध पुन्हा जादा वेळेत विजय. एरिक मोल्ड्स आणि पीअरलेस प्राइस दोन्ही कडांनी धावत आणि हा लांबून त्यांच्या ओंजळीत चेंडू टाकत असे. आठ सामन्यांत पाच विजय झाले. आमच्या ऑफिसात बफेलोचा एकच गडी होता. वर्षानुवर्षं सोमवारी खाली मान घालून येणारा तो माणूस त्या दिवसांत कॉफीच्या मशीनजवळ थांबून लोकांना सामने सांगू लागला. माझ्याशी तर तो विशेष प्रेमानं बोलायचा, जणू आम्हीच आमच्या घरचं काही त्याला दिलं होतं. मीही उघडपणे पॅट्रियट्सचा राहून मनातल्या मनात बिल्सचे निकाल बघत असे.

३ नोव्हेंबरला पॅट्रियट्स बफेलोत गेले आणि ३८-७ जिंकले. ८ डिसेंबरचा परतीचा सामना आमच्याकडे, नव्या जिलेट स्टेडियममध्ये. जुनं, ॲल्युमिनियमच्या थंडगार बाकड्यांचं फॉक्सबरोचं स्टेडियम, जिथं ब्लेडसो वाढला, ते तोवर पाडलं होतं. मी त्या बफेलोच्या गड्याबरोबर गेलो होतो. बर्फ साचलेल्या पार्किंगमध्ये त्यानं मला थर्मासमधलं सूप दिलं. ब्लेडसो पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांत आला तेव्हा माझ्या शेजारचे काही जण उभे राहून टाळ्या वाजवू लागले, मीही उभा राहिलो. मग बेलिचिकनं त्याला जसं ओळखलं होतं तसंच सगळं घडलं. चार वेळा चेंडू विरोधकांच्या हातात गेला. २७-१७. परतताना गाडीत रेडिओ लावायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

मोसम अखेरीस आठ विजय, आठ पराभव. त्याचे ४,३५९ यार्ड, २४ टचडाउन. आणि ५४ वेळा तो चेंडूसकट आडवा पाडला गेला. हा शेवटचा आकडा मी तेव्हा नीट वाचायला हवा होता. पुढच्या वर्षी प्राइसला अटलांटाकडे दिलं. पहिल्याच सामन्यात बिल्सनी पॅट्रियट्सना ३१-० असं धुतलं, बफेलोत दिवाळी झाली. मोसमाच्या शेवटच्या सामन्यात पॅट्रियट्सनी तोच ३१-० त्यांना परत केला. २००४मध्ये बिल्सनी पहिल्या फेरीत जे. पी. लॉसमन हा तरुण क्वार्टरबॅक घेतला, तेव्हाच ब्लेडसोचे दिवस भरले होते. तरी पहिले चार सामने हरून तो संघ पुन्हा उठला, सलग सहा जिंकला, आणि शेवटच्या दिवशी आपल्याच मैदानावर पिट्सबर्गच्या राखीव खेळाडूंकडून २९-२४ असा हरला. प्लेऑफ हुकलं. पुढच्या महिन्यात त्याला मोकळं केलं. डॅलसमध्ये दोन मोसम, तिथं टोनी रोमोनं जागा घेतली, आणि २००७मध्ये निवृत्ती. बिल्सना प्लेऑफ बघायला २०१७ उजाडावं लागलं.

आज माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. त्याच्यापुढे मी हा सौदा मांडला तर तो फोनवरून बोट फिरवत दोन मिनिटांत निकाल देतो. तीस वर्षांचा क्वार्टरबॅक, दाबाखाली किती वेळ चेंडू धरतो, पगाराच्या मर्यादेतला किती वाटा खातो, समोरची फळी कशी आहे. "बाबा, पडक्या संघानं असा माणूस घ्यायचाच नसतो." त्याचं बरोबर आहे. २०११मध्ये लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत झालेल्या करारानंतर नव्या पोरांचे पगार बांधले गेले. २०१०मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर देऊ केले, पुढच्याच वर्षी कॅम न्यूटनला चार वर्षांचे २ कोटी २० लाख. तेव्हापासून पडकं घर बांधायची रीतच बदलली. स्वस्तातला तरुण क्वार्टरबॅक ड्राफ्टमधून घ्यायचा, वाचलेल्या पैशांत त्याच्याभोवती भिंती उभ्या करायच्या.

बफेलोनं तेच केलं. २०१८मध्ये वायोमिंगचा जॉश ॲलन सातवा उचलला. पहिल्या वर्षी त्याच्या टचडाउनच्या फेकींपेक्षा विरोधकांनी झेललेल्या फेकी जास्त होत्या, पण कुणी त्याला घाईनं हलवलं नाही. फळी बांधली, २०२०मध्ये चेंडू झेलायला स्टेफॉन डिग्जला आणलं. ब्लेडसोच्या वाट्याला हे असं सावकाश कधी आलंच नाही. तो आला तेव्हा गावाला त्याच रविवारी जिंकायचं होतं. ब्रेडीनं पॅट्रियट्सकडून बिल्सविरुद्ध ३५ सामने खेळून ३२ जिंकले. आणि तो गेल्यावर, २०२२च्या जानेवारीत कडाक्याच्या थंडीत ॲलनच्या बिल्सनी प्लेऑफमध्ये आम्हाला ४७-१७ हरवलं. त्या रात्री बिल्सना एकदाही पंट करून, म्हणजे लाथेनं उडवून, चेंडू सोडावा लागला नाही. मुलगा सोफ्यावर उशी तोंडावर घेऊन पडला होता. मला वाईट वाटत होतं आणि कॉफीच्या मशीनजवळचा तो गडी डोळ्यांपुढे येत होता. तो कधीच नोकरी सोडून परत गेला होता, बफेलोकडेच.

मुलाचं सगळं गणित मला मान्य आहे. तरी २००२चा तो पानगळीचा मोसम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. हरायची सवय झालेल्या एका गावानं आठ आठवडे ताठ मानेनं सोमवार पाहिला, तो एका परक्या माणसाच्या हातामुळे. पॅट्रियट्सच्या चाहत्यांनी २०११मध्ये ब्लेडसोला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये बसवलं, त्या मतांत माझंही एक होतं. चाळीस वर्षांत नऊ गावं फिरलेले बाबा म्हणायचे, नव्या शाळेत गेल्यावर जुन्या शाळेबद्दल वाईट बोलू नये, आणि नव्या शाळेत पहिल्याच दिवशी फळा स्वच्छ पुसावा.

गेल्या उन्हाळ्यात मुलीच्या सासरची मंडळी आली. अर्थात नायगारा. मी मुद्दाम त्याच पंपावर गाडी वळवली. दुकान आता मोठं झालंय, चहाचं वेगळं यंत्र आहे. गल्ल्यामागे निळी जर्सी होती, पाठीवर १७, ॲलन. विहीणबाई चहा घेत होत्या तोवर मी गल्ल्यावरच्या पोराला विचारलं, इथं पूर्वी अकरा नंबरची टांगलेली असायची. तो असेल विशीतला. थोडा विचार करून म्हणाला, "माझ्या बाबांकडे आहे ती. अजून घालतात, थंडीत, बर्फ काढताना."