फ्रिजसमोरची स्लिपर

आमच्या घरात फ्रिज उघडायचा एक प्रोटोकॉल होता. आधी पायात रबरी स्लिपर सरकवायची, मग हात पदराला किंवा ओढणीला पुसायचा आणि मगच दाराला हात लावायचा. निळ्या पट्ट्याची, टाचेला झिजलेली ती स्लिपर कायम फ्रिजसमोरच पडलेली असायची. पाहुणे आले की आई सहज सांगायची, "जरा झिणझिण्या येतात हो पावसाळ्यात, स्लिपर घाला." जणू चहात साखर किंचित कमी पडलीय, एवढंच!

आणि मी? दिवसभर हिंजवडीत बसून दुसऱ्यांच्या सिस्टिममधले बग शोधणारी मी. पण घरातला हा बग मला कधी बग वाटलाच नाही. लहानपणापासून होता ना तो!

मग २०२४ च्या पावसाळ्यात दादाचा तीन वर्षांचा मुलगा राहायला आला. अंघोळ करून ओल्या अंगाने, अनवाणी धावत आला आणि आइस्क्रीमसाठी त्याने फ्रिजचं दार धरलं. एक किंकाळी, आणि मग नुसती शांतता. त्याला काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तीन वर्षांच्या मुलाला आमचा प्रोटोकॉल कोण शिकवणार?

आमची सोसायटी नव्या पेठेतली, १९७४ ची. वायरिंगही तेव्हाचंच. दुसऱ्याच दिवशी मी गल्लीतल्या ऑलराउंडरला बोलावलं. नळ, गिझर, टीव्हीची केबल, सगळं करणारा माणूस. त्याने पाच मिनिटं इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "३५ हजार, चार दिवसांत मोकळे." मी तर अॅडव्हान्स द्यायला निघालेच होते. तेवढ्यात ऑफिसमधल्या एका मित्राने विचारलं, "त्याच्याकडे लायसन्स आहे का?"

लायसन्स? इलेक्ट्रिशियनला? मी चक्क हसले.

पण असतं हो. इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स, सुपरवायझरचं सर्टिफिकेट आणि वायरमनचं परमिट, तिन्ही राज्य सरकारकडून मिळतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा नियम आहेत. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्याइतपत सूट त्यात आहे. पण घरात नवी वायर ओढायची, तर काम लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचंच. थोडक्यात, माझा '३५ हजारवाला' फंडा नियमात बसत नव्हता.

शोधाशोध करून एक कॉन्ट्रॅक्टर मिळाले. पन्नाशीचे, खिशात टेस्टर, हातात जाड वही. मी जरा संकोचतच म्हटलं, "काका, लायसन्स बघता येईल?" त्यांनी कॉपी काढून दिली आणि म्हणाले, "नुसता नंबर नका बघू. रिन्यू कधीपर्यंत आहे ती तारीख बघा."

मग अख्खी दुपार त्यांनी नुसतं बघण्यात घालवली. स्विचबोर्ड उघडले. आतली वायर अॅल्युमिनियमची. वरचं आवरण बोटाने चुरलं, जुन्या पापडासारखं. मेगर नावाच्या यंत्राने त्यांनी वायरींचं इन्सुलेशन तपासलं आणि आकडे बघून नुसतीच मान हलवली. सर्वांत शेवटी फ्रिजचा प्लग पॉइंट उघडला. तिथे लाल वायरचा एक बोटभर तुकडा होता, न्यूट्रलपासून अर्थिंगच्या भोकापर्यंत जोडलेला.

"हे कुणी केलंय?"

"ह्यांनीच," आई कौतुकाने म्हणाली. "फ्रिज आणला तेव्हा. घरातलं सगळं हेच करायचे."

बाबांना जाऊन आठ वर्षं झाली. मेन बोर्डवर अजून त्यांच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलेलं होतं, 'स्वयंपाकघर', 'देवघर'. रविवारी स्टुलावर चढलेले बाबा आणि खाली टॉर्च धरून उभी मी, हे माझ्या लहानपणाचं सगळ्यात लाडकं चित्र. आणि आता काका मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगत होते. घराला अर्थिंग नव्हतंच. तीन पिनांचा प्लग बसवायचा म्हणून अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडलेली. आता त्या न्यूट्रलची गाठ सैल झालेली. ती पूर्ण सुटली असती, तर फ्रिजच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट.

"त्या काळी बरेच जण असं करायचे," ते म्हणाले. आईला मात्र त्यांनी एवढंच सांगितलं, "जुनं झालंय, बदलू." या एका वाक्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे.

बिल ७२ हजारांवर गेलं, दिवस बारा लागले. भिंतींना झिऱ्या मारल्या, घरभर सिमेंटची धूळ, वरणातसुद्धा! सगळी वायर तांब्याची. दिव्यांना दीड स्क्वेअर एमएम, प्लगना अडीच, गिझरला चार. प्रत्येक पॉइंटला हिरवी अर्थिंगची वायर. सेक्रेटरींची परवानगी काढून कंपाउंडमध्ये अर्थिंगचा खड्डा घेतला. त्यात मीठ आणि कोळसा पडताना बघून आई म्हणाली, "लोणचं घालताय की काय?"

बोर्डवर एमसीबी आले, शेजारी आरसीसीबी. "एमसीबी वायरीला वाचवतो, आरसीसीबी माणसाला," काकांनी समजावलं. करंट भलतीकडे जायला लागला, अगदी ३० मिलिअँपिअर इतका, की क्षणात सप्लाय बंद. शेवटी पुन्हा मेगर लावला आणि टेस्ट रिपोर्टवर सही करून तो माझ्या हातात दिला. तेव्हा कळलं, जास्तीचे ३७ हजार नुसत्या तांब्याचे नव्हते. या घराची जबाबदारी कुणीतरी कागदावर घेतली होती. बाबांनी ती प्रेमाने घेतली होती. पण नुसत्या प्रेमाने अर्थिंग होत नाही ना...

जुना मेन बोर्ड मी भंगारात दिला नाही. पेन्सिलच्या अक्षरांसकट माझ्या कपाटात आहे.

आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबायचं काम आईने स्वतःकडे घेतलंय. महिन्याच्या एक तारखेला, पेपरवाल्याचं बिल दिलं की खट्‌कन दाबते, घर अंधारतं, आणि ती समाधानाने म्हणते, "चालतंय."

स्लिपर? ती आता बाल्कनीत असते. पण परवा रात्री पाणी घ्यायला उठले, तर फ्रिजसमोर अंधारात माझाच पाय काहीतरी चाचपडत होता.