महाडच्या वाटेवरचा गोठा

२० मार्चला आम्ही चार कुटुंबे महाडला निघालो. आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरलो आणि म्हसळ्याच्या वाटेवर एका गोठ्यापाशी चहाला थांबलो. चहा गोबरगॅसवरचा! गोठ्याच्या छपरावर सोलर पॅनेल. दिवसा त्यांवर पाण्याचा पंप व कुट्टीयंत्र चालते. पावसाळ्यात आभाळ भरले की पॅनेल मंदावतात. शेण मात्र बारमाही. टाकीत साठलेला गॅस रात्रीही पेटतो.

२ घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरे हवीत. "एकच म्हैस असेल तर?" आमच्यातल्या एका बाईंनी विचारले. मालक म्हणाले, "चार घरांनी मिळून बांधा." सल्ला चांगला, पण टाकी खणायची कोणाच्या जागेत? आमच्या वस्तीत जागा नावावर असणारे थोडेच.

दुपारी चवदार तळ्यावर पोचलो. १९२७ मध्ये बाबासाहेब व हजारो बांधव येथे पाणी प्यायले, तेव्हा सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरींनी तळे 'शुद्ध' केले. ही हकीकत ऐकून आमच्या धाकट्याने विचारले, "तेवढ्या शेणावर किती चहा झाला असता?"