घोगरा हॉर्न

धारहून मांडूला निघालं की पस्तीसेक किलोमीटरवर दरी लागते, वळणं सुरू होतात आणि पुढे आलमगीर दरवाज्याची जुनी कमान येते. पावसाळ्यात तिथे ढगच रस्त्यावर उतरलेले असतात. समोरून कोण येतंय हे डोळ्यांआधी कानांना कळतं. एरवी हॉर्नचा मला मनस्वी तिटकारा आहे, पण या वळणांवर तो हवाच. आणि आमच्या फियाटचा हॉर्न नवा रंग दिल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात घोगरा झाला. ओसरीवरच्या दमेकरी आजोबांसारखा नुसता खाकरायचा.

गाडी काकांची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून निघू लागलेली ती ११०० डी, गियरचा दांडा स्टिअरिंगखाली असलेली. काका देवासला, आम्ही धारला. पवारांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या मराठी घरांची अशी निम्मी माणसं इकडे, निम्मी तिकडे. देवास तर मुलखावेगळं गाव. संस्थानं विलीन होईपर्यंत तिथे एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. मुख्य रस्त्याची एक बाजू एका दरबाराची, दुसरी दुसऱ्याची. पाण्याची आणि दिवाबत्तीची सोयसुद्धा वेगवेगळी. १९४८ साली क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व हवापालटासाठी याच गावात आले आणि इथलेच झाले. त्यामुळे देवासात 'सूर' हा शब्द हॉर्नसाठी वापरायला जीभ कचरते.

काकांच्या ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी बोनेट उघडलं. "नवा हॉर्नच घेऊन टाकू का?" असं काकांनी विचारताच त्यांनी हातानेच थांबवलं. काकांना बटण दाबायला सांगितलं आणि कान रिलेपाशी नेला. हा रिले गाडीत मागाहून कुणीतरी बसवलेला. बटण दाबलं की रिलेच्या गुंडाळीला बॉडीचा अर्थ मिळतो, रिले 'टक्' करतो आणि बॅटरीचा करंट हॉर्नकडे सोडतो. टक् स्वच्छ ऐकू आलं. म्हणजे स्टिअरिंगमधली तार, बटणाची स्प्रिंग, सगळं ठीक. त्यांनी वायरचा एक तुकडा घेतला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं हॉर्नच्या धातूच्या अंगाला टेकवलं. बटण दाबताच हॉर्न असा कडाडला की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकून वळलं.

"अर्थ नी मिल रियो," मिस्त्री माळवीत म्हणाले, जणू हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

मग मीटर लावला. बटण दाबलेलं असताना हॉर्नचं अंग आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात अर्ध्या व्होल्टच्या आतच फरक दिसायला हवा. काटा चारच्या आसपास गेला. बारा व्होल्टमधले चार वाटेतच खर्ची पडत होते, मग हॉर्नने ओरडायचं कशाच्या जोरावर? त्या हॉर्नला परतीची वेगळी तारच नव्हती. करंट बॉडीत जायचा तो पट्ट्यांच्या ब्रॅकेटमधून आणि एका बोल्टमधून. तो बोल्ट काढला तेव्हा कारण दिसलं. रंगाऱ्याने पत्र्यावर, ब्रॅकेटवर, बोल्टच्या डोक्याखालीसुद्धा फवारा मारला होता. रंग देखणा, दुधासारखा. पण रंगातून वीज जात नाही. त्यात पावसाचं पाणी मुरून कडेला तांबूस गंज धरला होता.

मिस्त्रींनी पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासली, पत्रा चकाकेपर्यंत. ब्रॅकेटची मागची बाजूही घासली. मध्ये दातेरी वॉशर घातला, त्याचे दात धातूत रुतेपर्यंत बोल्ट आवळला आणि पुन्हा गंज चढू नये म्हणून वरून व्हॅसलीनचा हात फिरवला. सामानाचा खर्च एका वॉशरचा.

तेव्हा जुनी गाडी रंगवायला द्याल, तर रंगाऱ्याला एवढं बजावून ठेवा: हॉर्नच्या, दिव्यांच्या आणि बॅटरीच्या अर्थच्या बोल्टखालची जागा चिकटपट्टी लावून कोरी ठेव. आणि हॉर्न घोगरा झाला, तर नव्याचे पैसे मोजण्याआधी वायरचा एक तुकडा लावून पाहा.